सतरा गुण मिळवूनही हरलेला खेळाडू

विषय: संक्रांत अंक – बोल्सच्या निकालाबाबत शंका
प्रेषक: अंकाच्या संपादिका
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

संक्रांत अंकाची कच्ची प्रत परवा मंडळाच्या ई-मेल यादीवर पाठवल्यापासून एक अडचण उभी राहिली आहे आणि ती माझ्या आवाक्यातली नसल्यामुळे सर्वांसमोर मांडत आहे. गेल्या महिन्यात आपले बारा सभासद गावातील इनडोअर बोल्स क्लबात, म्हणजे जॅक नावाच्या लहान चेंडूच्या जवळ आपले चेंडू घरंगळत नेण्याचा खेळ जिथे छताखाली खेळतात तिथे, एक संध्याकाळ खेळून आले. त्या दिवशीच्या अंतिम सामन्याचा निकाल ३-११, ७-५, २-१ असा कळवण्यात आला होता. आपल्या मुद्रितशोधकांनी नेहमीच्या काटेकोरपणे बेरीज केली, तेव्हा विजेत्या सभासदांचे बारा गुण भरले आणि हरलेल्या खजिनदारांचे सतरा. लिहिणाऱ्याकडून नावांची अदलाबदल झाली असावी, असे समजून त्यांनी ती दुरुस्त केली. आता खजिनदारांना अभिनंदनाचे फोन येत आहेत, आणि ज्यांना आपण जिंकलो असे वाटत होते ते माझ्याशी बोलत नाहीत.

दुसरा प्रश्न त्याच पानावरचा आहे. जानेवारीतील जागतिक इनडोअर स्पर्धेच्या निमित्ताने आपण १९७९ ते २०२४ या काळातील पुरुष एकेरीच्या विजेत्यांची यादी छापणार आहोत. जवळजवळ सगळे विजेते ब्रिटनमधलेच असल्यामुळे ‘जागतिक’ हा शब्द अवतरणचिन्हांत टाकावा, अशी सूचना आली आहे. नाशिकचे काका इथे ब्रिटनमध्ये असताना अनेक वर्षे हा खेळ खेळत होते. त्यांनी दोन्ही बाबतींत मत द्यावे, अशी विनंती आहे.

---

विषय: उत्तर: संक्रांत अंक – बोल्सच्या निकालाबाबत शंका
प्रेषक: नाशिकचे काका

चि. संपादिकाबाईंस अनेक आशीर्वाद, आणि यादीवरील सर्वांना संक्रांतीच्या आगाऊ शुभेच्छा.

नाशिकला सध्या सकाळी कानटोपीशिवाय गंगापूर रोडवर पाऊल टाकवत नाही, त्यामुळे फिरणे रद्द करून, गॅलरीत ऊन येईपर्यंत तुझे पत्र दोनदा वाचले. आधी खजिनदारांचा निकाल लावतो. ते हरले आहेत. नावे होती तशी परत करावीत.

मुद्रितशोधकांची बेरीज चुकलेली नाही, पण ती करायचीच नव्हती. एकेरीत प्रत्येक खेळाडू आळीपाळीने चार चेंडू टाकतो आणि सगळे चेंडू थांबले की एक फेरी संपते. तिकडे तिला ‘एंड’ म्हणतात. जॅकच्या सर्वांत जवळ ज्याचा चेंडू, त्याची ती फेरी. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या चेंडूपेक्षाही आपले जितके चेंडू जॅकजवळ असतील तितके गुण आपल्याला मिळतात, आणि दुसऱ्याच्या पदरात त्या फेरीत काहीच पडत नाही. म्हणजे एका फेरीत जास्तीत जास्त चार गुण. अशा नऊ फेऱ्यांचा एक सेट. दोन सेट खेळतात, आणि दोघांनी एकेक जिंकला तर तीन फेऱ्यांचा निर्णायक टप्पा होतो. खजिनदारांनी पहिला सेट अकरा-तीन असा मारला. दुसरा सेट सुरू होताना ती आठ गुणांची आघाडी आटोपलेली असते, पुढे तिचा कवडीचा उपयोग नाही. दुसरा त्यांनी पाच-सात असा घालवला आणि तिथे दोघे पुन्हा बरोबरीत आले.

खरी गंमत तिसऱ्या आकड्यात आहे. ‘२-१’ हे गुण नव्हेत, त्या जिंकलेल्या फेऱ्या आहेत. निर्णायक टप्प्यात फेरी एका गुणाने जिंका की चार गुणांनी, ती एकच मोजली जाते. त्यामुळे खजिनदारांचे सतरा गुण झालेच नाहीत. त्यांचे सोळा गुण आणि एक फेरी झाली, आणि त्यांची बेरीज करणे म्हणजे पायली आणि कोस यांची बेरीज करण्यासारखे आहे. मुद्रितशोधकांना आणखी एक सांगून ठेव: पुढेमागे ८-६, ५-५ असा निकाल आला तर तो अपुरा समजून शेपटी जोडू नये. सेट बरोबरीतही सुटू शकतो, आणि एक सेट जिंकलेल्याचा दुसरा बरोबरीत सुटला तर सामना तिथेच त्याच्या नावावर होतो.

आपल्या मंडळींचा गोंधळ का होतो, तेही मला माहीत आहे. आपल्यापैकी बहुतेकांना हा खेळ २ ऑगस्ट २०२२ रोजी कळला. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतील बोल्सचे सामने लेमिंग्टन स्पा येथील व्हिक्टोरिया पार्कच्या हिरवळीवर झाले. तिथे लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून भारताला या खेळातले पहिले राष्ट्रकुल सुवर्णपदक मिळवून दिले. तिथेही सतराच होते, पण ते एकाच सलग सामन्याचे, पंधरा फेऱ्यांचे. मध्यंतरी दक्षिण आफ्रिकेने पिछाडी भरून काढली होती, तरी आधी कमावलेला प्रत्येक गुण शेवटपर्यंत भारताच्या खात्यात राहिला. सेटच्या सामन्यात तसे नसते. ही रचना दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला बांधून ठेवते हे खरे आहे, कारण पहिल्या सेटमध्ये धूळधाण झालेल्या माणसालाही नव्याने उभे राहता येते. पण मला स्वतःला सलग मोजणीच अधिक न्याय्य वाटते. खजिनदारांना माझी सहानुभूती कळवावी. अभिनंदन मात्र कळवू नये.

‘जागतिक’ शब्दाबद्दल स्कॉटलंडमधील आपल्या सभासद ताईंनी आधी लिहावे. त्या यादीत त्यांच्या घरचेच लोक जास्त आहेत.

---

विषय: उत्तर: उत्तर: संक्रांत अंक – बोल्सच्या निकालाबाबत शंका
प्रेषक: एक सभासद, स्कॉटलंड

काकांना सादर नमस्कार.

आपण चेंडू माझ्याकडे टाकलाच आहे, तर थोडे लिहिते. ही स्पर्धा १९७९ मध्ये आमच्याकडे कोटब्रिज येथे सुरू झाली, १९८८ पासून प्रेस्टनला गेली आणि १९९९ पासून नॉरफोकमधील हॉप्टन-ऑन-सी येथे भरते. पहिली तीनही वर्षे इंग्लंडच्या डेव्हिड ब्रायंट यांनी जिंकली. त्यानंतरची यादी वाचताना मात्र स्कॉटलंडचे पारडे जड होत जाते: रिचर्ड कॉर्सी तीन वेळा, पॉल फॉस्टर पाच वेळा आणि अ‍ॅलेक्स मार्शल सहा वेळा. एकूण विजेतेपदांपैकी निम्म्याच्या जवळपास आमच्याकडे आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या बाहेरचा विजेता २०२४ पर्यंत एकच झाला, १९९२ चा ऑस्ट्रेलियाचा इयन शुबॅक. त्यामुळे अवतरणचिन्हांची सूचना मला अन्यायाची वाटत नाही.

मात्र संपादिकाताईंनी एक काळजी घ्यावी. खेळाच्या जागतिक संघटनेची, वर्ल्ड बोल्सची, इनडोअर स्पर्धा वेगळी आहे. ती २०२२ मध्ये ब्रिस्टल येथे झाली. दोन्हींच्या नावांत ‘वर्ल्ड’ आणि ‘इनडोअर’ हे शब्द आहेत म्हणून त्यांचे विजेते एका यादीत मिसळू नयेत.

आता माझी स्वतःची शंका. उघड्यावर वारा असतो, पाऊस असतो, गवत कुठे ओले तर कुठे वाळलेले असते, म्हणून तिथे अनुभवी माणूस वरचढ ठरतो हे समजते. छताखाली मात्र वारा नाही, पाऊस नाही, सगळ्यांना सारखाच गालिचा. मग तिथे तर नवख्यालाही संधी मिळायला हवी. तरी तीच तीन-चार नावे पुन्हा पुन्हा का येतात?

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: संक्रांत अंक – बोल्सच्या निकालाबाबत शंका
प्रेषक: नाशिकचे काका

ताई, आपली शंका नेमकी आहे, आणि तिचे उत्तर तिच्यातच आहे. वारा आणि पाऊस काढून टाकले म्हणजे नवख्याची अडचण दूर होत नाही, त्याचे नशीब दूर होते. उघड्यावर सामान्य खेळाडूचा चेंडू एखाद्या झुळकेने जॅकला जाऊन चिकटतो आणि निष्णाताचा त्याच झुळकेने दूर जातो. छताखाली ही देवाणघेवाण बंद होते आणि हाताचे जे काय कौशल्य असेल तेच उरते.

त्यात तो चेंडू सरळ जाणारा नाही. त्याची घडण एका बाजूला कललेली असते, ‘बायस’ म्हणतात तो हाच. वेगात असताना तो शहाण्यासारखा सरळ जातो आणि वेग मंदावू लागला की कललेल्या बाजूला वळत जातो. आता मैदानाचा वेग पाहा. तो मोजण्याची रीत उलटी वाटेल अशी आहे: टाकलेला चेंडू साधारण २७ मीटरवर जाऊन थांबायला जितके सेकंद अधिक लागतील, तितके मैदान वेगवान. कारण घर्षण कमी असले की चेंडू हळुवार सोडावा लागतो आणि तो रेंगाळत जातो. ब्रिटनमधल्या दमट हिरवळीवर याला दहा-बारा सेकंद लागतात, गालिच्यावर त्याहून जास्त. जितका वेळ तो रेंगाळेल तितका अधिक वळेल, आणि सोडताना झालेली बोटभर चूक शेवटी हातभर होऊन समोर येते. अशा गालिच्यावर सहा वेळा जिंकलेल्या मार्शलला केवळ सुदैवी म्हणता येणार नाही.

पण कौशल्य येते कोठून, हा पुढचा प्रश्न आहे, आणि तिथे मला आमच्या जिल्ह्याचा दत्तू भोकनळ आठवतो. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्याचे गाव, आणि चांदवड हा पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसणारा तालुका. तरी तो २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये नौकानयनात एकेरी स्पर्धेत तेरावा आला, कारण लष्करात गेल्यावर त्याच्या हातात वल्ही पडली आणि समोर पाणी आले. गावी राहिला असता तर त्याच्या खांद्यांतली ताकद विहिरीच्या कामात गेली असती. स्कॉटलंडमध्ये हिवाळा लांब आणि ओला असल्यामुळे बोल्ससाठी बांधलेली सभागृहे आहेत, आणि पोरगे आजोबांबरोबर तिथे जाऊ लागते. विजेत्यांच्या यादीत ती सभागृहे दिसत नाहीत, फक्त त्यांतून बाहेर पडलेली माणसे दिसतात. म्हणून माझे मत असे की ‘जागतिक’ शब्द अवतरणचिन्हांशिवाय छापावा, कारण स्पर्धा कोणाला अडवत नाही. मात्र यादीच्या खाली शुबॅकचा अपवाद एका वाक्यात नोंदवावा.

इथले थोडे सांगतो. नाशिकला परत आलो तेव्हा चार चेंडूंचा संच सामानातून आणला होता. एकेक चेंडू दीड किलोच्या आसपास असल्यामुळे विमानतळावर त्यांची फार आस्थेने चौकशी झाली. आमच्या सोसायटीतील निवृत्त मंडळींना मी हा खेळ सांगितला, तेव्हा पहिला प्रश्न आला की हा गोल्फ क्लबवर खेळतात का. बाहेरच्यांसाठी सांगतो, हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला नाशिककर गोल्फ क्लब म्हणतात, आणि तिथे क्रिकेटपासून सभेपर्यंत सर्व काही होते, गोल्फ सोडून.

पूर्ण लांबीची पट्टी मांडायला आमच्या सभागृहात जागा नाही. आखूड पट्टीवर खेळण्याचा एक वेगळा प्रकार आहे, त्याला ४० ते ४५ फूट लांब आणि ६ फूट रुंद एवढी चटई पुरते. तेवढ्या मापाचे जाजम मंडपवाल्याकडून भाड्याने आणले. जाजमाला घड्या होत्या. चेंडू घडीपर्यंत नियमाने वळत येत असे आणि तिथून पुढे घडी म्हणेल तिकडे जात असे. खेळायला आलेल्या चारपैकी दोन गृहस्थांनी लहानपणीच्या गोट्यांची सवय काढली आणि समोरच्याचा चेंडू टोला मारून उडवण्यातच धन्यता मानली. तसा टोला या खेळातही मारतात, पण रोज सणासुदीसारखा नाही. तिसऱ्या आठवड्यापासून जाजम आदल्या रात्री पसरून त्यावर खुर्च्या ठेवू लागलो, तेव्हा घड्या बऱ्याच बसल्या. परवाच्या रविवारी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी मला दोन सेटमध्ये ६-४, ५-५ असे हरवले, आणि तिसरा टप्पा खेळायचा नाही हे मलाच त्यांना समजावून सांगावे लागले.

संपादिकाबाई, एक खासगी काम यादीवरच लिहितो. तिळगूळ घेऊन फेब्रुवारीत नाशिकला कोणी येणार असेल, तर इनडोअरचा एक जॅक आणण्यास सांगावे. तो उघड्यावरच्या जॅकपेक्षा जड असतो, त्यामुळे दुकानदाराला तसे स्पष्ट सांगावे. सध्या आम्ही जॅक म्हणून मोसंबी ठेवतो, आणि गोट्यावाल्या गृहस्थांची पाळी आली की दुसरी घ्यावी लागते.