शरीराकडून सुरुवात करणाऱ्या थेरपीला कुणी गेलंय का? नेमकं काय करतात?

मागची_सीट (सातारा)

नमस्कार. गेल्या वर्षी वाढे फाट्याजवळ आमच्या टू-व्हीलरला मागून धडक बसली. मी मिस्टरांच्या मागे बसले होते. हाड मोडलं नाही, डोक्याला टाके पडले, तेही आता भरून आले. पण मागच्या सीटवर बसलं की मान आणि खांदे इतके आवळतात की उतरल्यावर कितीतरी वेळ मान वळत नाही. मागून हॉर्न वाजला तर छातीत धस्स होतं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, एमआरआय नॉर्मल आहे. मग एका काउन्सेलर मॅडमकडे जात होते. चांगल्या होत्या, सगळं बोलून झालं, रडूनही झालं. डोक्याला पटलंय की आता धोका नाही, मान मात्र ऐकायला तयार नाही.

त्यांनीच सुचवलं की सोमॅटिक थेरपी, म्हणजे शरीराकडून सुरुवात करणारी थेरपी, करून बघा. आता माझे प्रश्न. परत सगळी हकीकत सांगावी लागते का? अंगाला हात लावतात का? तिथं थरथर सुटली, काही अनावर झालं तर? किती दिवस चालतं? सासरी "ही मालिशला निघाली" इथपर्यंत चर्चा झालेली आहे, त्यामुळे कुणी स्वतः गेलेलं असेल तर नीट सांगा.

रोज_अजिंक्यतारा

ताई, पहाटे उठून किल्ल्यावर चालत जा, वर बसून डोळे मिटून अनुलोम-विलोम करा. एक रुपया लागत नाही. बाकी सगळी पुण्या-मुंबईची फॅडं.

पिकअपवाला_वाई

मी जाऊन आलोय, म्हणून लिहितो. मोबाईलवर टाइप करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी पिकअप आहे. वाईहून भाजी आणि सीझनला स्ट्रॉबेरी घेऊन मार्केट यार्डला जायचो. खंबाटकीचा बोगदा संपला की पुढं ते एस वळण आहे, तिथं पुढचा कंटेनर आडवा झाला. मी ब्रेक मारला, गाडी घासत जाऊन कठड्याला लागली. मला खरचटलं फक्त. क्लीनर पोराचा हात मोडला, तो आता ठणठणीत आहे. पण माझा उजवा पाय कामातून गेला. म्हणजे चालायला चांगला, पण टीव्ही बघताना, जेवताना, झोपेत सुद्धा तो खाली दाबला जायचा. मेहुण्याच्या गाडीत शेजारी बसलो तर पायाखालचं मॅट सरकून पार पुढं जायचं. मालकीण म्हणायची, "अवो, घरात कुठं ब्रेक मारताय?"

आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, मांढरदेवीला जाऊन आलो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पाय काही थांबला नाही.

भाच्यानं पुण्यातल्या एक मॅडम शोधून दिल्या. मला वाटलं, झोपवून, डोळे मिटवून काहीतरी करतील. तसलं काही नाही. साधी खोली, दोन खुर्च्या. पहिल्या दिवशी निम्मा वेळ चौकशीत गेला: आजार कुठले, गोळ्या कुठल्या, झोप किती, दारू पिता का, घरात कोण कोण. मग म्हणाल्या, खोलीत सावकाश नजर फिरवा आणि बघून बरं वाटेल असं काहीतरी शोधा. मला खिडकीतला कडुलिंब सापडला. मग विचारलं, पायात काय जाणवतंय? मी म्हटलं, "काय जाणवायचंय, पाय हाय की." त्या हसल्या. म्हणाल्या, गरम आहे का गार? जड का हलका? तेव्हा कुठं लक्ष गेलं, उजवी पोटरी दगडासारखी आणि डावी सैल. पन्नाशी उलटली तरी स्वतःच्या पोटरीची अशी विचारपूस मी कधी केली नव्हती.

हकीकतीचं म्हणाल तर उलटंच झालं. मी सवयीनं सुरू केलं, "बोगदा संपला आणि..." त्यांनी तिथंच थांबवलं. आता पाय काय करतोय बघा, म्हणाल्या. मग परत कडुलिंबाकडे बघायला लावलं. पोटरी जरा सैल झाली की पुढचं एक वाक्य, की परत थांबा. तास संपला तरी कंटेनर काही आला नाही. खरं सांगतो, राग आला. दोन हजार देऊन अर्धवट गोष्ट सांगून यायची म्हणजे काय? एसटीत स्वारगेट ते शिरवळ धुसफुसत होतो. नंतर त्यांनी समजावलं की एका दमात सगळं उकरलं तर अंग परत त्याच वळणावर जाऊन अडकतं, म्हणून चिमटी-चिमटीनं घ्यायचं.

पुढं एके दिवशी भिंतीला जाड उशी लावली. उजवा पाय त्यावर ठेवा आणि दाबा म्हणाल्या, पण इतकं सावकाश की मला हालचाल दिसता कामा नये. वळणावर जो ब्रेक एका क्षणात मारला होता तो तिथं मिनिटं-मिनिटं मारत बसलो. मध्येच गुडघ्यापासून वर थरथर सुटली. माझ्या हातात नव्हती ती. घाबरलो. मॅडम शांत. म्हणाल्या, नको वाटत असेल तर पाय काढा, दोन्ही तळवे जमिनीला टेकवा, माझ्याकडे बघा, थांबेल. चालत असेल तर चालू द्या. चालू दिली. मग जांभयांवर जांभया, पोटात गुरगुर, मानेला घाम. परक्या बाईसमोर असल्या जांभया द्यायची लाज वाटली, पण त्यांच्या हिशेबी ते चांगलं लक्षण.

त्या रात्री अंग आंबलं, पण झोप गाढ लागली. मधल्या काळात स्वप्नं वाढलीसुद्धा होती. असं होऊ शकतं हे त्यांनी आधीच सांगितलेलं, म्हणून धीर धरला.

अंगाला हात म्हणाल तर एकदा खांद्याला, तोही विचारून. नको म्हटलं असतं तर नसता लावला. कपडे अंगावर, तेल नाही, काही नाही. सासूबाईंना एवढंच सांगा.

आता घरात पाय दाबला जात नाही. दिवसा गाडी चालवतो. रात्रीची खंबाटकी अजून भाच्याकडे. पूर्ण बरा झालो असं म्हणणार नाही, आणि मॅडमनीही तसा शब्द दिला नव्हता.

प्रीतिसंगम (कराड)

मी समुपदेशन करते, सोमॅटिक थेरपी करत नाही, त्यामुळे माझी जाहिरात समजू नका.

काकांचं वर्णन सोमॅटिक एक्सपिरियन्सिंगशी जुळतंय. अमेरिकेतल्या पीटर लेव्हिन यांनी १९७० च्या दशकापासून ही पद्धत बांधत आणली. संकट आलं की शरीर लढायला, पळायला किंवा गोठून जायला तयार होतं. ती तयारी नंतर उतरलीच नाही तर हॉर्नसारख्या साध्या आवाजालाही शरीर जुनंच उत्तर देतं, असा त्यामागचा विचार. काकांचा उशीवरचा ब्रेक म्हणजे ती राहून गेलेली हालचाल सावकाश पुरी करणं. "आघात स्नायूंत साठतो" असं हल्ली रील्सवर सर्रास ऐकू येतं, ते शब्दशः घेऊ नका. स्नायूत काही साठवण नसते. मज्जासंस्थेला लागलेली सवय असते ती.

पुरावा किती? आहे, पण थोडा. २०१७ साली या पद्धतीची इस्राएलमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. एकूण ६३ लोक होते. एका गटाची १५ सेशन झाली आणि उपचारासाठी थांबवून ठेवलेल्या दुसऱ्या गटापेक्षा त्यांची लक्षणं बरीच उतरली. एवढ्याशा संख्येवर मी तरी नाचणार नाही. याउलट जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातानंतरच्या त्रासासाठी ज्या उपचारांची शिफारस केली, त्यांत आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळे डावी-उजवीकडे हलवत आठवणीवर काम करायची पद्धत) येतात. ईएमडीआरमध्येही आठवणीबरोबर शरीरात काय होतंय ते विचारतात आणि तपशीलवार कथा सांगायची सक्ती नसते. ताई, तुमचा त्रास एकाच अपघातापासूनचा आहे, त्यामुळे मी असते तर आधी ईएमडीआर करणारं कुणी जवळपास आहे का ते बघितलं असतं.

जिथं जाल तिथं मूळ शिक्षण काय ते विचारा, अजिबात संकोच करू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक असतो. सोमॅटिक एक्सपिरियन्सिंगचं प्रशिक्षण साधारण तीन वर्षं, टप्प्याटप्प्यानं चालतं. पाटीवर नुसतं "हीलर" असेल आणि शनिवार-रविवारच्या शिबिराचं सर्टिफिकेट असेल, तर चहा पिऊन परत या. "एका सेशनमध्ये सगळं बाहेर काढतो" म्हणणाऱ्याकडे चहासुद्धा पिऊ नका. चालू गोळ्या असतील तर डॉक्टरांना न विचारता बंद करायच्या नाहीत. जगणंच नकोसं वाटत असेल, किंवा आपण कुठे आहोत याचं भान सुटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. सरकारची टेलि-मानस लाइन १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

रोज_अजिंक्यतारा, योगाला नावं ठेवत नाही. बोस्टनला आघातावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ बेसल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने २०१४ मध्ये ६४ स्त्रियांवर दहा आठवड्यांचा योगाचा प्रयोग छापला, फायदा दिसला. पण तो योग वेगळा असतो. शिक्षक मागून येऊन खांदा दाबत नाही आणि करायचं की नाही हे तुमच्यावर सोडतो. आणि अपघातानंतर डोळे मिटून श्वासावर लक्ष दिलं की काहींची धडधड वाढते. पहाटेच्या अंधारात, मागून कोण येतंय याची धास्ती असलेल्या बाईला किल्ल्यावर पाठवताना जरा विचार करा.

रोज_अजिंक्यतारा

अंधाराचं लक्षात आलं नव्हतं. उजाडल्यावर जा, ताई. फॅड हा शब्द मागे घेतो, दोन हजाराबद्दलचं मत कायम.

मागची_सीट

मनापासून आभार. काका, ते "पाय हाय की" वाचून मिस्टर पण हसले. ऑनलाइन चालतं का? आणि जायचं तर पुण्याला जाणार कशी, हे म्हणतात टू-व्हीलरवर सोडतो!

पिकअपवाला_वाई

ऑनलाइनची माझी काही सेशन झाली, सीझनमध्ये वेळ नव्हता तेव्हा. चालतं. पण घरात दार लावून घ्यायची सोय पाहिजे. आमच्याकडे मध्येच नातू आला, मॅडमनी त्यालाही नमस्कार केला. आणि आपण घरात एकटे आहोत का, थरथर सुटली तर शेजारच्या खोलीत कोण आहे, हे मॅडम आधी विचारतात. कुणी विचारलं नाही तर तुम्ही सांगा.

टू-व्हीलरवर मात्र जाऊ नका. एसटीनं जा, मधल्या रांगेत बसा, मागं माणसं असली की बरं पडतं. येताना घाई नको. सेशन झाल्यावर अर्धा तास बसून चहा घ्या, मग स्टँडवर जा. यजमानांना बरोबर न्या, पण आत नाही, बाहेर बसवा. माझी मालकीण पहिल्यांदा आत आली होती आणि मॅडमनी विचारलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिनंच दिली.