तीन दिवसांच्या महोत्सवात गाण्याला पुरेसा वेळ कसा मिळवून द्यावा?

प्रश्न (परभणी)

सप्रेम नमस्कार. आमच्याकडे दर हिवाळ्यात तीन दिवसांचा कला व विचार महोत्सव भरतो. व्याख्यान, परिसंवाद, कविसंमेलन आणि सर्वांत शेवटी गायन, असा क्रम पडून गेला आहे. गेल्या वर्षी सत्कार आणि मनोगते लांबल्याने साडेसातचे गायन नऊ वाजून दहा मिनिटांनी सुरू झाले. तोवर मैदानातल्या गारठ्यात लावून ठेवलेले तानपुरे बेसूर झाले होते, दवाने तबल्याची पुडी सैलावली होती, आणि तबलजी हातोडीने गट्टे ठोकत असतानाच निवेदक गायिकेला ‘थोडक्यात आटोपा’ असे सांगत होते. विलंबित ख्याल नुकता रंगू लागला होता, तोच दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद करावा लागला. यंदा नियोजन माझ्याकडे आहे. गाण्याची अशी आबाळ पुन्हा होऊ नये यासाठी काय करावे?

प्रतिसाद (अंबाजोगाई)

आपली व्यथा मनाला लागली. गाणे भाषणांच्या शेपटाला बांधू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात कविसंमेलन आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरील चर्चा यांच्या जोडीने संगीत सभा होते, त्यामुळे विचार आणि सूर एका मांडवात नांदतात, हे आम्ही पाहिलेले आहे.

उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, परंतु ते दिवस बहुधा सणांनाच लागतात. म्हणून दरबारी किंवा मालकंस असा रात्री उशिराचा राग ऐकवायचा असेल, तर ती सभा बंदिस्त सभागृहात घ्यावी. मात्र माझा आग्रह पहाटेच्या सभेचा आहे. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. सहाला बैठक सुरू केली, तर उजाडण्यापूर्वी ललत आणि उन्हे अंगावर आल्यावर तोडी, असा वेळेचा मान राखून गाता येईल. त्या वेळी सत्काराला कोणी येत नाही. सतरंज्या आणि चहा यांची सोय तेवढी करावी.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगर)

पहाटेच्या सभेला अनुमोदन. एक भर घालावीशी वाटते. विचार आणि संगीत यांना दोन खणांत ठेवण्याची सवय आपल्या मातीची नव्हे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण असते, उत्तररंगात आख्यान असते, आणि दोन्ही गाण्यातूनच उलगडतात. पैठणच्या नाथांची भारुडे तर अध्यात्म शिकवता शिकवता माणसाला नाचवतात. तेव्हा एका संध्याकाळी व्याख्यानाऐवजी कीर्तन ठेवून पाहावे. दुसऱ्या सत्रात अठराव्या शतकातील सिराज औरंगाबादी यांच्या गझलांवर जाणकाराने बोलावे आणि त्याच गझला गायकाने लगेच गाव्यात. अर्थ कळलेला श्रोता सुरालाही अधिक जवळ जातो.

प्रतिसाद (नांदेड)

कलाकाराच्या पत्रात बैठकीची वेळ आणि कालावधी लिहून द्यावा, आणि सत्कार गाणे संपल्यावरच करावा. गोंधळ ठेवणार असाल, तर संबळापुढे दोन-तीन ध्वनिग्राहक मांडण्याची घाई करू नका. त्याचा आवाज मैदानाला पुरतो.

प्रश्नकर्ते (परभणी)

मनःपूर्वक आभार. पहाटेची सभा दुसऱ्या दिवशी ठेवण्याचा प्रस्ताव उद्याच्या बैठकीत मांडतो. तानपुरे मात्र आदल्या रात्री त्याच मांडवात ठेवावेत की कलाकारांच्या खोलीवर, एवढे कृपया कळवावे.