टॉवर डोंगरावर न्यायला सांगणाऱ्यांनो, फोनचं काय?

सत्तरीकर: "वाड्याजवळच्या टॉवरच्या लहरींची भीती वाटते, तो डोंगरावर न्या, रेंज तिथूनही येते" ही पोस्ट वाचली आणि राहवेना. टॉवर जवळ असला की फोन मिलिवॉटच्याही खाली काम भागवतो. रेंज अडखळली की तोच 200 मिलिवॉटपर्यंत चढतो, आणि तो कानाला लावलेला असतो! 1 सप्टेंबर 2012 पासून 900 मेगाहर्ट्झच्या लहरींना भारतातली मर्यादा चौरस मीटरला 0.45 वॉट झाली, आंतरराष्ट्रीय आकड्याचा दहावा हिस्सा. 20 वॉट आणि 17 डीबीआयचा (म्हणजे जोर एका दिशेत सुमारे 50 पट एकवटणारा) अँटेना धरला तर मुख्य झोतात 1000 वॉटइतका जोर. लहरी मर्यादेखाली येतात ते अंतर सुमारे 13 मीटर. तेही अँटेनाच्या समोर, त्याच उंचीवर. खाली बाल्कांवात, घरापुढच्या ओसरीत बसून घाबरायचं कारण नाही.

म्हापशेकर: वा बाब, एकाच कंपनीचा हिशेब! तशाच तिघी एका खांबावर आल्या की प्रत्येकीचं मर्यादेशी प्रमाण बेरजेत धरायचं, 13 चे 23 मीटर होतात. गच्चीवरच्या खांबासमोर नंतर एक मजला चढला तर? मर्यादा पाळल्याचं प्रमाणपत्र तर कंपनी स्वतःच भरते.

सत्तरीकर: चढलेल्या मजल्याचं मान्य. तेवढंच.

काणकोणकर: दोघंही कागदावर भांडताय. खरा घोळ टिल्टचा, म्हणजे अँटेना खाली किती झुकलाय त्याचा. 30 मीटर उंची, 6 अंश झुकाव: झोताचा मध्य 285 मीटरवर जमिनीला लागतो. खारं वारं नि चार महिने पाऊस, क्लॅम्पचे बोल्ट गंजून ढिले होतात. झुकाव 2 अंशांवर आला की तोच मध्य 860 मीटरवर! मधला वाडा कोरडा, तिथले फोन जोर लावतात. ऑफिसातल्या स्क्रीनवर इलेक्ट्रिकल टिल्ट (अँटेनाच्या आतून दिलेला) बरोबरच दिसतो. मेकॅनिकल, क्लॅम्पवरचा खरा झुकाव, कोण बघतो? चतुर्थीनंतर वर चढून इन्क्लिनोमीटर (झुकावमापक) लावा, बोल्ट टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा) लावून आवळा.

म्हापशेकर: विषय बोल्टांचा नव्हता.

काणकोणकर: तोच आहे. झुकाव कमी होण्याऐवजी वाढला तर झोत तुमच्याच तिसऱ्या मजल्याच्या सज्जावर.

फोंडेकर: माझ्या फोनच्या सिग्नल अ‍ॅपवर उणे 60 दाखवतंय, धोका का?

सत्तरीकर: उणे 60 डीबीएम म्हणजे एक नॅनोवॉट, तोही फोनला मिळालेला. अ‍ॅपवरून आजूबाजूच्या लहरींची तीव्रता मोजता येत नाही. तीन अक्षांचा प्रोब (सगळ्या दिशांच्या लहरी टिपणारं मोजयंत्र) लागतो, सहा मिनिटांची सरासरी. सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर पैसे भरून मोजणी मागा.

म्हापशेकर: म्हणजे बोल्ट त्यांचे गंजायचे आणि पैसे आम्ही भरायचे. बरं, टिल्ट तपासा. पण चढलात की समोरचा सज्जाही बघून या, तो तुमच्या नकाशात नसेल.