भिंत कोणाची, हेही पाहायला हवं

'चित्र राजकीय ठरतं ते विषयामुळे' असं म्हटलं जातं, पण ते मला अपुरं वाटतं. ते कशावर काढलंय, यावरही खूप काही ठरतं.

फ्रेस्को या भित्तिचित्राच्या पद्धतीत पाण्यात कालवलेला रंग चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर लावतात. गिलावा काही तासांत आवळतो, म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढाच भाग लिंपायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंग भिंतीचाच होऊन जातो. मालकाशी बिनसलं तर चित्रकार काय उचलून नेणार? १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरांनी भिंतीवर रशियन साम्यवादी नेता लेनिनचा चेहरा काढला आणि तो हटवायला नकार दिला. मालकांनी पूर्ण मानधन देऊन काम थांबवलं. फेब्रुवारी १९३४ मध्ये चित्र फोडलं गेलं. एका सहायिकेने चोरून फोटो काढून ठेवले होते, त्यांच्या आधारे रिव्हेरांनी मेक्सिको सिटीत ते पुन्हा रंगवलं.

स्पॅनिश चित्रकार पिकासोचं 'गेर्निका' हे युद्धविरोधी चित्र मात्र कॅनव्हासवर. सुमारे ३.५ बाय ७.८ मीटरचं असूनही ते गुंडाळून देशोदेशी फिरलं आणि स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूनंतर, १९८१ मध्ये, स्पेनला गेलं. पण सततच्या गुंडाळण्याने रंगाच्या थराला तडे गेले. म्हणूनच आता ते माद्रिदच्या संग्रहालयाबाहेर पाठवत नाहीत.