जर्मनीत बायकोकडं जाऊन रायलो, नोंदणी अन् रेसिडेन्स कार्डाचं कोणी सांगता का?

दारव्ह्याचा_कापूसवाला
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, घरी कापूस-तुरीची शेती. बायको नर्स हाय, मागच्या वर्षी जर्मनीत गेली, स्टुटगार्टच्या बाजूच्या एका लहान गावात दवाखान्यात हाय. आता मले अन् चार वर्षांच्या पोरीले तिकडं जायाचं हाय. मी ए1, म्हणजे जर्मन भाषेची पयल्या पायरीची परीक्षा देली, थे पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात पास झालो.

आता गाडी अशी अडली का पोरीच्या जन्मदाखल्यावर माझ्या नावाले 'राव' लागून हाय, पासपोर्टात अन् लग्नाच्या दाखल्यात नुसतं नाव. गावात कोणाले त्याचं काई वाटत नाही, सातबाऱ्यावर तं तिसरंच हाय, पण मुंबईच्या कॉन्सुलेटले चालन का? अन् तिकडं उतरल्यावर आधी कोणत्या हापिसात जावं लागते? बायको होस्टेलवर रायते, तिचे समदे कागद दवाखान्यानंच केले, तिले काई माहीत नाही. यवतमाळचा एक एजंट म्हणते दीड लाख द्या, तिकडं रायाच्या परवानगीचं कार्ड हातात देतो. द्यावं का?

नेकरकाठचा_अकोलेकर
एजंटले एक रुपया देऊ नका भाऊ. कार्डासाठी बोटाचे ठसे द्याले तुमालेच जावं लागते, तो यवतमाळात बसून काय करन? फी मोठ्या माणसाची 100 युरोच्या आसपास, लेकराची कमी.

आधी घर. होस्टेलवर फॅमिली ठेवू देत नाहीत, म्हणून वहिनींनी आतापासूनच फ्लॅट पाहावा. घरात रायाले आले का दोन आठवड्याच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करा लागते, त्याले आनमेल्डुंग म्हणतात. तिथं घरमालकाच्या सहीचा कागद लागते, नुसतं भाड्याचं अॅग्रीमेंट चालत नाही, तं चावी घेतानाच मालकाकडून थो लिहून घेजा. या नोंदीवरच पुढचं समदं चालते. 11 आकडी टॅक्स नंबर पोस्टानं येते, बँकेचं पत्र पोस्टानं, इन्शुरन्सचं पोस्टानं, अन् पत्रपेटीवर तुमचं आडनाव चिकटवलेलं नसलं तं पोस्टमन पत्र वापस घेऊन जाते. हसू नका, आपल्या लोकांचं अर्धं काम इथंच अडते. टीव्ही असो नसो, टीव्ही-रेडिओचे महिन्याले 18.36 युरो घरटी भराच लागतात, थे पत्र आलं तं फ्रॉड समजून फेकू नका.

ग्रामपंचायत_वर्धा
नावाचं मी सांगतो, रोजचंच काम आहे आमचं. ॲफिडेव्हिट करून भागेल असं सेतूवाले सांगतात, पण त्यानं जन्माच्या रजिस्टरमधली नोंद बदलत नाही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम 15 नुसार दुरुस्ती होते, ज्या निबंधकाकडे पोरीची नोंद झाली तिथंच अर्ज द्या, ग्रामपंचायत असो की दवाखाना. तुमचा पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा दाखला जोडा. दुरुस्तीचा शेरा पडला की मराठी-इंग्रजी दोन्हीतला नवीन दाखला घ्या. हे व्हिसाची फाइल द्यायच्या आधी करा, नंतर कॉन्सुलेटनं विचारलं तर महिने जातात.

पोट्टीची_आई
दादा, पोरीचं लसीकरणाचं कार्ड घरी विसरू नका, आशाताईनं दिलेलं तेच. जर्मनीत 2020 पासून बालवाडीत घ्यायला गोवराच्या दोन डोसचा पुरावा लागतोच, नाहीतर प्रवेश देत नाहीत. कार्ड मराठीत असेल तर पीएचसीतून इंग्रजीत लिहून शिक्का मारून आणा. आणि बालवाडीचा नंबर लवकर लागत नाही, वहिनींना आताच नाव टाकायला सांगा.

दारव्ह्याचा_कापूसवाला
लय बेस झालं बाप्पा, एजंटले नाई सांगून टाकतो. अजून एक, व्हिसा म्हणे थोड्याच महिन्यांचा भेटते, अन् कार्डाची अपॉइंटमेंट त्याच्या आत नाई भेटली तं वापस याव लागन का? अन् मायं लायसन्स तिकडं चालन का, कामाधंद्याचं पाहाव लागन ना.

नेकरकाठचा_अकोलेकर
वापस कायले यायचं. व्हिसा संपायच्या आधी आउसलेंडरबेहोर्डेकडं, म्हणजे परदेशी लोकांच्या हापिसात, अर्ज गेला पाहिजे, अपॉइंटमेंट नंतरची असली तरी चालते. अर्ज ऑनलाइन केला तं पोच जपून ठेवजा. मग तात्पुरता कागद देतात, फिक्ट्सिओन्सबेशायनिगुंग, कार्ड येईस्तोवर तोच तुमचा आधार. फोटो आता डिजिटलच लागते, दारव्ह्यातून पासपोर्ट साइज काढून आणू नका. विम्याची चिंता करू नका, तुमाले कमाई नसली तं वहिनींच्या सरकारी विम्यात तुमी अन् पोरगी फुकट बसता.

लायसन्स सहा महिने चालते, पुढं जर्मन परीक्षा देऊन नवीन काढा लागते, थेअरी अन् गाडी चालवून दोन्ही. खर्च मोठा हाय, तवा आल्याबरोबर ड्रायव्हिंग स्कूलचं पाहून घेजा. ट्रॅक्टर येते म्हणून सूट भेटत नाही, मी इचारून पाह्यलं होतं 😄