मदत हवी आहे: किनारा, डोंगर, वाळवंट – एकाच प्रवासात तिन्हीकडचा हवामान अंदाज वाचायचा कसा?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात गाडीने लांबचा प्रवास आहे. सुरुवात समुद्रकिनाऱ्यावर, मग डोंगररांग ओलांडून पलीकडच्या वाळवंटात मुक्काम. सोबत आई आहे आणि तिला दमा आहे, त्यामुळे वाटेत हवा कशी असेल याची मला खरंच काळजी लागली आहे. अमुक गावाचा अंदाज सांगा असं म्हणणं नाही, तो फोनवर मिळतो. तो वाचायचा कसा, तिथे मी अडले आहे.

सवय व्हावी म्हणून सध्या तिन्ही ठिकाणांचा अंदाज रोज बघते. काल दुपारी तीनच्या रकान्यात किनाऱ्यावर २२ अंश, घाटमाथ्यावर १२ आणि वाळवंटात ३८. अंतर म्हणाल तर सगळं मिळून एका दिवसाची गाडी. उंचीवर गार होतं, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, हे शाळेत शिकलोय. पण मग डोंगर उतरल्यावर पुन्हा २२ का होत नाही? किनारा आणि वाळवंटातलं ते गाव, दोन्हींची उंची जवळपास सारखीच आहे.

किनाऱ्यासाठी दिवसभर ढगाचं चित्र येतं, पावसाची शक्यता शून्य. तिथला थेट कॅमेरा बघितला तर सकाळी दाट मळभ आणि बारानंतर लख्ख ऊन. मग ते चित्र कुठल्या वेळेचं धरायचं?

सगळ्यात जास्त धाकधूक घाटाची. ‘दुपारनंतर गडगडाटासह पावसाची शक्यता ३० टक्के’ हे वाक्य जवळपास रोज असतं. ३० टक्के म्हणजे तेवढा वेळ पाऊस, की तेवढ्या भागात पाऊस? आणि अशा दिवशी निघावं की थांबावं? त्यातून दोन अ‍ॅप त्याच घाटाचं तापमान सहा अंशांच्या फरकाने दाखवतात.

वाळवंटात उन्हाची तयारी ठेवू, पण अंदाजात पाऊस नसताना पुराचा इशारा का दिसतो ते कळत नाही. शिवाय मुक्कामाचं आरक्षण चार दिवस आधीपर्यंतच रद्द करता येतं. चार दिवस आधीच्या अंदाजावर किती भिस्त ठेवावी?

जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

प्रश्न छान मांडलाय. आधी तापमानाचं बघू, कारण बाकीचं बरंचसं त्यातूनच उलगडतं.

समुद्रावरची हवा डोंगर चढते तेव्हा ढग बनेपर्यंत दर हजार मीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते. ढग बनायला लागले की बाष्पातली उष्णता बाहेर पडते आणि थंड होण्याचा वेग ५-६ अंशांवर येतो. पाऊस डोंगराच्या समुद्राकडच्या बाजूलाच पडून जातो. पलीकडे उतरणारी हवा कोरडी, ती पुन्हा १० अंशांच्या वेगाने तापते. डोंगर २००० मीटरचा धरा. २२ अंशांची हवा पहिल्या ५०० मीटरला १७ वर येते, पुढच्या १५०० मीटरला ८ वर, आणि पलीकडे पायथ्याशी पोचेपर्यंत २८ होते. सहा अंश इथेच वाढले. त्यात भर पडते कोरडी जमीन, निरभ्र आकाश आणि दिवसभराच्या उन्हाची. आल्प्समधला फॉन आणि रॉकी पर्वताच्या पूर्वेचा चिनूक हे असेच उतरून तापलेले वारे.

किनाऱ्याचं गणित जरा वेगळं. समुद्राचं पाणी थंड असेल तर त्यावरची गार, दमट हवा खाली आणि गरम हवा वर अशी विपरीत स्थिती होते. खालचा थर बहुधा काहीशे मीटरच जाड असतो, आणि मळभ असतं ते त्यातच. कॅलिफोर्निया, पेरू-चिलीचा किनारा, नैर्ऋत्य आफ्रिकेतलं नामिब वाळवंट, सगळीकडे हेच. ऊन चढलं की थर विरतो, रात्री पुन्हा जमतो. म्हणून दिवसाचं एक चित्र बघू नका, तासातासाचा तक्ता उघडा आणि ढगांचं प्रमाण कधी उतरतं ते पाहा.

वाऱ्याची दिशा मात्र रोज बघा. दक्षिण कॅलिफोर्नियात मुख्यतः शरद आणि हिवाळ्यात सांता आना वारे उलटे, वाळवंटाकडून समुद्राकडे वाहतात. तेव्हा किनाराच तापतो, हवा कोरडी आणि धुळकट होते. आईंच्या दृष्टीने असा दिवस वाईट.

दोन अ‍ॅपमधला फरक बहुतेक उंचीचा. युरोपीय हवामान अंदाज केंद्राचं जागतिक मॉडेल (संगणकावरचं हवामानाचं गणित) जमिनीचे सुमारे ९ किलोमीटरचे चौकोन पाडतं. तेवढ्यात दरी आणि शिखर यांची सरासरी होऊन जाते. अ‍ॅपने घाटाची उंची किती धरली आहे ते तपासा. ती खऱ्या घाटापेक्षा हजार मीटरने कमी असेल तर सहा अंश तिथेच गेले.

प्रतिसाद २

३० टक्के म्हणजे, अशी परिस्थिती दहा वेळा आली तर त्या ठिकाणी साधारण तीन वेळा पाऊस पडतो. किती वेळ, किती जोराचा, हे त्यात येत नाही.

डोंगरात टक्क्यांपेक्षा वेळ महत्त्वाची. ऊन पडलं की उतारावरची हवा वर चढते, दुपारपर्यंत ढग उभे राहतात. म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत घाट उतरा, म्हणजे ३० टक्क्यांचा प्रश्नच फारसा उरत नाही. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर उघड्यावर थांबू नका. गाडीत काचा वर करून बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं जाऊ द्या.

प्रतिसाद ३

पुराबद्दल: पाऊस डोंगरात पडतो आणि लोंढा कोरड्या नाल्यातून वाळवंटात येतो. तुमच्या डोक्यावर आकाश निळंच असतं. त्यामुळे फक्त मुक्कामाचा नको, वरच्या डोंगराचाही अंदाज बघा. वेगाचं १५ सेंटिमीटर पाणी माणसाला पाडतं, ३० सेंटिमीटर लहान गाडी उचलतं. नाल्यात गाडी लावू नका, तंबू तर नाहीच नाही.

३८ अंश हे सावलीतलं, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर मोजलेलं तापमान. वाळू त्याहून कितीतरी जास्त तापते, आणि रात्री तीच हवा १५-२० अंशांनी उतरते. गरम कपडे हाताशी ठेवा.

चार दिवस आधी ‘गरम, कोरडं’ असा ढोबळ कल बऱ्यापैकी कळतो. घाटात वीज नेमकी कधी कडाडेल ते कळत नाही. युरोपीय केंद्र किंचित वेगळ्या सुरुवातींनी ५१ अंदाज काढतं. ते सगळे एकमेकांच्या जवळ असतील तर विश्वास ठेवा, फाकलेले असतील तर आरक्षण बदलता येण्याजोगं घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. घाटाची उंची तपासली, एका अ‍ॅपने खरंच बरीच कमी धरली आहे. घाट सकाळीच पार करायचं ठरवलं. आता एकच विचारते: आईसाठी धुळीचा अंदाज कुठल्या आकड्यावरून बांधायचा?

प्रतिसाद १

हवेच्या गुणवत्तेत पीएम १० (हवेतल्या बारीक धूलिकणांचं प्रमाण) बघा, आणि वाऱ्याच्या अंदाजात सरासरी वेगाऐवजी झोतांचा वेग. दोन्ही एकदम चढत असतील त्या दुपारी बाहेर पडू नका, गाडीचा एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवा. डॉक्टरांना एकदा विचारून घ्याच. आणि आईंचा दम्याचा पंप (इनहेलर) बंद गाडीत, डॅशबोर्डवर तर मुळीच, ठेवू नका. त्या डबीत दाबाखालचं औषध असतं, ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका असं तिच्यावर छापलेलं असतं, आणि वाळवंटातल्या उन्हात बंद गाडी तेवढी सहज तापते.