वसई किल्ल्यातलं सेंट जोसेफ : काय पाहावं, कसं पाहावं?

पायवाट: साठीच्या आसपासच्या आठ जणांना डिसेंबरात वसई किल्ल्यात न्यायचंय. हातात तीन तास. सेंट जोसेफचा मनोरा त्यांना झेपेल का? आणि छप्पर उडालेल्या चर्चमध्ये नेमकं बघायचं काय?

किल्लाबंदर: वसई रोडला पश्चिमेला उतरा, रिक्षा करा. सात-आठ किलोमीटर आहे. सकाळी लवकर पोहोचा, दहानंतर उघड्या आवारात ऊन सोसवत नाही. मनोऱ्यातला गोल जिना अरुंद आणि काळोखा आहे, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं. बाकीच्यांनी बॅटरी घेऊन जिन्यातच बाहेरच्या भिंतीच्या कडेने चढावं, तिथे पायरी रुंद असते. जिना बंद असेल तर हट्ट करू नका, खाली बघण्यासारखं कमी नाही.

आधी दर्शनी दारावरचा लेख पाहा. चर्च १५४६ चं, १६०१ मध्ये नव्याने बांधलं. ते साल त्या पोर्तुगीज लेखात आहे. मग फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जा. तिथे जमिनीतच थडग्यांच्या कोरीव फरशा आहेत. तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात. पुसट अक्षरांवर खडू किंवा पाणी लावू नका. शेवटी दर्या दरवाजा, आणि बाहेर बंदरावर वाळत घातलेले बोंबील.

चुनाविटा: भिंत तुटलेल्या जागी जरूर थांबा, तिचं पोट उघडं पडलंय. दोन्ही अंगांना घडीव दगड, मधे डबर आणि चुना. छप्पर गेलं की पावसाचं पाणी वरून पोटात शिरतं, चुना धुऊन नेतं आणि बाहेरचा दगड सुटतो. कोकणातल्या पावसात छपराविना उभ्या भिंती इतक्या टिकल्या, हे मला त्या गवंड्यांचं मोठं काम वाटतं. वसईचा हा काळा दगड गोव्याला बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागासाठीही गेला.

पायवाट: भिंतीतली पिंपळाची रोपं उपटली तर चालेल का? काही जण विचारत होते.

चुनाविटा: मुळीच नाही. मूळ चुन्यात खोल गेलेलं असतं, ओढलं की दगडासकट येतं. नुसतं छाटलं तर पुन्हा दुप्पट फुटतं. मूळ आतच मारून भेग चुन्याने भरावी लागते, आणि ते काम पुरातत्त्व खात्याचं. सिमेंट भरलं तर ओल आत कोंडते, खाऱ्या हवेतलं मीठ शेजारच्या दगडाचे पापुद्रे काढतं.

किल्लाबंदर: एक राहिलं. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर इथल्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यातलीच, तिच्यावर १७२१ साल आहे. मनोऱ्याखाली उभं राहून हे सांगा, मग वर बघायला लावा. आणि पाणी सोबत न्या, आत दुकानांचा भरवसा नाही.